कळलावीचा कंद सांधेदुखीवर घरी वापरावा का?

प्रश्न : कुंपणावर कळलावी फुलली आहे. तिचा कंद सांधेदुखीवर चालतो म्हणतात. घरी घ्यावा का? – एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : मुळीच नाही. ऐकीव गोष्टीत तथ्य एवढेच, की कळलावीतील कोल्चिसीन हे द्रव्य गाउट या सांधेविकारावर डॉक्टर खरोखरच देतात. पण गोळीत ते मिलिग्रॅमच्या अंशात मोजलेले असते. कंदात किती आहे, हे डोळ्यांना कळत नाही आणि औषधाची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे. शिवाय सगळी सांधेदुखी म्हणजे गाउट नव्हे. हे द्रव्य पेशींचे विभाजन रोखते. म्हणून काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, पुढे अस्थिमज्जेवर घाला पडतो. सहज मिळणारा उतारा नाही.

आयुर्वेदात कळलावी ‘लांगली’ या नावाने आहेच की, असे कुणी म्हणेल. आहे, पण उपविषांत गणलेली आणि शोधनानंतरच वापरायची. म्हणजे परंपराही सावधच करते. गर्भवतींनी तर दूरच राहावे. वेल मात्र उपटू नका. कोकणात गौरीपूजनात मान असलेले हे देशी फूल आहे. मुले-जनावरे पोहोचणार नाहीत अशा जागी ठेवा, कंद हाताळताना हातमोजे घाला. चुकून पोटात गेल्यास लक्षणांची वाट न पाहता रुग्णालय गाठा, झाडाचा तुकडा सोबत न्या.