सोडमुंज आणि नंदाघरची रात्र

सोळा संस्कारांच्या प्रचलित यादीत विवाहाच्या आधी समावर्तन नावाचा संस्कार येतो. आपल्या घरांतून त्यास सोडमुंज म्हणतात. गुरुगृहीचे अध्ययन संपवून शिष्य घरी परत फिरतो, ते परत फिरणे म्हणजे समावर्तन. गृह्यसूत्रांत ह्याचा विधी सविस्तर दिलेला आहे. शिष्याने गुरूची अनुज्ञा घ्यावी, कमरेची मेखला सोडावी, पाण्याने भरून ठेवलेल्या कलशांनी स्नान करावे, आणि ब्रह्मचर्यात वर्ज्य असलेल्या वस्तू, म्हणजे चांगली वस्त्रे, माळ, पागोटे, अंजन, आरसा, छत्री, पादत्राणे, ह्यांचा स्वीकार करावा. ह्या स्नानाने तो स्नातक झाला. आपल्या मध्यप्रदेशात विद्यापीठाची पहिली पदवी घेणारास आज हिंदीत स्नातक म्हणतात, तो शब्द ह्याच कलशांच्या पाण्यातून आलेला आहे.

हल्ली सोडमुंज मुंजीनंतर थोड्याच दिवसांत, नाही तर थेट लग्नाच्या वेळी उरकून घेण्यात येते. कित्येक घरी मुलगा काशीस जावयास निघतो आणि मामा त्यास मुलगी देण्याचे कबूल करून मागे आणतो. मंडळी हसतात, छायाचित्रे घेतात, आणि संस्कार संपतो. विद्या संपली की नाही, हे कोणी विचारीत नाही.

एक गोष्ट मात्र विचार करण्याजोगी आहे. मुंजीत आईकरिता एक जागा राखून ठेवलेली आहे. मातृभोजनाच्या वेळी ती मुलास जवळ घेऊन एका ताटात शेवटची जेवते, आणि पुष्कळ माउलींचे डोळे त्या वेळी भरून येतात. समावर्तनात अशी जागा नाही. तो सारा व्यवहार गुरू आणि शिष्य ह्यांच्यामधला. ज्यांनी मूल धाडले आणि जे वाट पाहत बसले, त्यांच्या मनाचे काय झाले, हे विधी सांगत नाही. ते भागवतात सापडते.

दशमस्कंधाच्या पंचेचाळिसाव्या अध्यायात राम आणि कृष्ण ह्यांचे विद्याग्रहण आहे. कंसवधानंतर मथुरेत त्यांचे उपनयन झाले आणि ते अवंतीस, म्हणजे आपल्याच प्रांतातील आजच्या उज्जयिनीस, सांदीपनींकडे राहिले. चौसष्ट दिवसांत चौसष्ट कला शिकून झाल्यावर त्यांनी गुरुदक्षिणा विचारली. सांदीपनींनी पत्नीशी विचारविनिमय केला आणि प्रभासक्षेत्री समुद्रात नाहीसा झालेला आपला मुलगा मागितला. ही कथा चमत्कारासाठी सांगतात. आम्हांस त्या दोघांचे विचारविनिमय करणे अधिक मोठे वाटते. परक्यांची मुले शिकून घरी निघाली त्या घटकेस त्या दांपत्यास दुसरे काही आठवलेच नाही.

मुलगा परत आणून देऊन कृष्ण निघाले, ते मथुरेस आले. गोकुळास गेले नाहीत. पुढच्याच अध्यायात उद्धव व्रजास जातात. नंद त्यांचा सत्कार करतात, जेवू घालतात, आणि मग विचारतात: कृष्णास आमची आठवण होते काय? आईची, सवंगड्यांची, गाईंची, त्या डोंगराची? एकदा तरी तो आपल्या माणसांस पाहावयास येईल काय? त्यानंतर नंद एकेक जुनी गोष्ट काढतात. वणव्यातून वाचविले ती, गोवर्धन उचलला ती. बोलता बोलता कंठ दाटतो आणि ते गप्प होतात. यशोदा एक शब्दही बोलत नाही. ती ऐकते, आणि तिच्या डोळ्यांस धारा लागतात. उद्धव त्यांची समजूत घालतात आणि बोलण्यातच रात्र सरते.

निकालाच्या दिवसांत आपल्या देवळात पेढे घेऊन येणारी मंडळी आम्ही पाहतो. पेढे देवापुढे ठेवून होतात, पदवीचे नाव सांगून होते, ते दोन वाक्यांत संपते. मग गाडी मागे जाते. पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकाशी कसा रडला, पाढे म्हणताना सतराशी कसा अडत असे, कांजिण्या आल्या तेव्हा रात्रभर कसे जागलो. वडील बोलतात, आई ऐकते. मुलगा आज पदवीधर झाला आणि हे बोलतात कांजिण्यांविषयी, असे एखाद्यास वाटेल. पण नंदही जुन्याच गोष्टी काढीत होते. 

आपल्या मलाजखंडात ह्या गोष्टीस आणखी एक धार आहे. हिंदुस्तान कॉपर ह्या सरकारी कंपनीचा येथील तांब्याचा प्रकल्प १९८२ साली सुरू झाला, आणि नोकरीनिमित्त ठिकठिकाणांहून आलेल्या कुटुंबांत मराठी घरेही आली. बारावी होते न होते तोच मुले बालाघाट, जबलपूर, रायपूर किंवा नागपूर गाठतात. (१९५६ पर्यंत नागपूर हीच आपल्या प्रांताची राजधानी होती, तेव्हा ती ओढ जुनीच आहे.) घरी सांगितले जाते की चार वर्षांचा प्रश्न आहे. चार वर्षे संपतात, आणि मुलगा पुण्यास किंवा बंगळुरास रुजू होतो. शिक्षणाचा शेवट म्हणजे घरी परतणे, हा समावर्तनाचा मूळ अर्थ. आज शिक्षणाचा शेवट म्हणजे घर कायमचे सुटणे. शिवाय मुलाची पदवी आणि बापाची निवृत्ती पुष्कळदा मागेपुढेच येतात. निवृत्तीनंतर कंपनीचे क्वार्टर रिकामे करावे लागते. ज्या भिंतीवर मुलाची उंची पेन्सिलीने दर वाढदिवशी खुणावली, ती भिंत चुन्याखाली जाते. मुलाने परतावयाचे ठरविले तरी परतावे कोठे?

मुलींविषयीही लिहिले पाहिजे. सोडमुंज त्यांची होत नसे. त्यांचा वियोग लग्नात होई आणि त्यासाठी रीतिभाती होत्या, रडण्यास मुभा होती. आता मुलगी अठराव्या वर्षी वसतिगृहात जाते. त्या निरोपास ना मंत्र आहे ना ओटी. आईने बसथांब्यावरून हसतमुखाने परतावे अशी अपेक्षा असते, ती आम्हांस अन्यायाची वाटते.

परतलेल्या मुलाचेही एक उदाहरण आहे. छांदोग्य उपनिषदातील श्वेतकेतू बाराव्या वर्षी गेला आणि चोविसाव्या वर्षी सर्व वेद शिकून, ताठ मानेने घरी आला. उद्दालकांनी त्याचा गर्व पाहिला; पण त्यास रागे भरले नाहीत, आणि शिकलेल्या मुलापुढे आता आपले काय काम, असे म्हणून गप्पही बसले नाहीत. त्यांनी एक प्रश्न विचारला, ज्याचे उत्तर त्यास येईना. मग वडाचे फळ फोडावयास लावले, पाण्यात मीठ टाकावयास लावले. बारा वर्षे दुरावलेले पिता-पुत्र असे पुन्हा एकत्र बसले, कारण पुत्राने शिकवा म्हटले. प्रत्येक घरी उद्दालक नसतो हे खरे. तरी गॅलरीतले तुळशीचे रोप का सुकते, वरणाची फोडणी कशी करावी, हे फोनवरून विचारणारे मूल आईबापांस जे देते, ते दरमहा येणाऱ्या पैशांत नसते.

गोपाळ गणेश आगरकरांनी शिक्षण संपण्याच्या सुमारास आईस पत्र लिहिले होते. मोठ्या पगाराची आशा धरू नकोस, पोटापुरते मिळवून बाकी वेळ लोकांच्या कामी लावणार आहे, असा त्याचा आशय. धर्माविषयी त्यांचे मत आपल्यासारखे नव्हते. पण आईस आधी सांगितले पाहिजे, हे त्यांस सुचले.

उद्धव व्रजात काही महिने राहिले. दशमस्कंधाचा सत्तेचाळिसावा अध्याय संपत येतो तेव्हा ते रथावर चढतात, आणि नंदादी मंडळी हातांत नाना भेटवस्तू घेऊन, डोळ्यांत पाणी आणून त्यांच्याजवळ येतात. बैहरच्या बाजूस जाणाऱ्या बसच्या खिडकीतून चकल्यांचा डबा आत सरकविणारे हात ज्यांनी पाहिले आहेत, त्यांनी हा अध्याय घरी एकदा मोठ्याने वाचावा. उद्धवांनी त्या वस्तू मथुरेस नेऊन पोहोचविल्या.