उतारवयांतील मूत्रकष्ट व रोजची राहणी

घरांतील वडील मंडळी रात्रीं तीनचार वेळां लघवीस उठूं लागली, कीं "वय झालें" असें म्हणून सर्वजण स्वस्थ बसतात. आणि ज्यांस हा त्रास होतो ते संकोचानें बोलत नाहींत. या मौनापायीं साधा विकार अवघड होऊन बसतो, म्हणून त्याचा येथें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुरुषाच्या मूत्राशयाच्या तोंडाशीं, मूत्रनलिकेस वेढून, प्रोस्टेट नांवाची ग्रंथि असते. तारुण्यांत ती अक्रोडाएवढी व वजनानें सुमारें २० ग्रॅम असते. उतारवयांत ती बहुतेकांची हळूहळू वाढते. पाटाच्या मोरीशीं गाळ सांचला म्हणजे पाणी मागें तुंबतें व पुढें बारीक धार चालते, तसाच प्रकार येथें होतो: लघवी सुरू होण्यास वेळ लागतो, ती थांबून थांबून होते, आणि मूत्राशय पुरा रिकामा होत नाहीं. ही वाढ म्हणजे कर्करोग नव्हे. कर्करोग निराळा, तो आरंभीं बहुधा कांहींच लक्षण दाखवीत नाहीं.

वाढलेली ग्रंथि पथ्यानें पूर्ववत् लहान होत नाहीं, हें प्रथम सांगितलें पाहिजे. तथापि राहणी नीट ठेविल्यास त्रास पुष्कळ हलका होतो.

पहिली गोष्ट पाण्याची. वारंवार जावें लागतें म्हणून कित्येकजण पाणीच तोडतात. वैशाखाच्या उन्हांत राबणाऱ्यास हें घातक आहे. लघवी दाट होऊन जळजळते व मुतखड्यास वाव मिळतो. दिवसां पाणी भरपूर प्यावें, मात्र निजण्यापूर्वीं दोन तास तें आवरतें घ्यावें. सायंकाळनंतर चहा टाळावा. मद्य तर नकोच. रात्रीच्या विजेवर पिकास पाणी देण्यास जाणारांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें.

दुसरी गोष्ट, लघवी तुंबवूं नये. घाई न करतां ती करावी, आणि क्षणभर थांबून पुन्हां एकदां प्रयत्न करावा, म्हणजे उरलेली निघून जाते.

तिसरी गोष्ट मलावरोधाची. तुंबलेल्या आंतड्याचा दाब मूत्राशयावर पडतो. भाकरी, पालेभाज्या व मोड आलेलीं कडधान्यें नित्य जेवणांत असावीं. ज्यांचें शेतकाम मुलांच्या हातीं गेलें आहे, त्यांनीं रोज अर्धा तास तरी फिरावें व पोट सुटूं देऊं नये.

चौथी गोष्ट, सर्दीपडशावर दुकानांतून परस्पर औषध घेऊं नये. त्यांतील कांहीं औषधांनीं अशा माणसाची लघवी एकाएकीं बंद पडते.

एवढें करूनही त्रास राहिला तर डॉक्टरांस दाखवावें. मधुमेहानेंही रात्रीं वारंवार उठावें लागतें, सबब रक्तांतील साखर तपासून घ्यावी. ग्रंथीच्या वाढीवर गोळ्या आहेत. शस्त्रक्रिया सर्वांस लागत नाहीं. वडिलांस वा भावास प्रोस्टेटचा कर्करोग झाला असेल, त्यानें त्रास नसतांही पन्नाशीपूर्वींच तपासणीविषयीं विचारावें. लघवी अजिबात बंद झाली, तींतून रक्त आलें, किंवा त्रासाबरोबर थंडीताप भरला, तर त्याच दिवशीं रुग्णालय गांठावें. तुंबलेली लघवी फार काळ राहिल्यास मूत्रपिंडें निकामी होतात, व गेलेलें मूत्रपिंड पुन्हां येत नाहीं.

बैल वैरण खाईनासा झाला तर आपण सकाळची वाट पाहत नाहीं. तीच तत्परता घरांतील वडिलांविषयीं दाखवावी, आणि वडिलांनींही आपलें दुखणें मुलांपासून लपवूं नये, एवढेंच आमचें सांगणें आहे.