बोटीच्या तळाचा कॉक

पूर्वी शिडाच्या होडीला तळात भोक नसे. फळ्या जोडल्या, सांधे बुजवले, तेल पाजले, की होडी पाण्यात. १९५० नंतर सातपाटीला आणि मग आसपासच्या बंदरांत होड्यांना इंजिने बसू लागली. इंजिन तापते. त्याला थंड करायला पाणी हवे, आणि समुद्रात पाण्याला काय तोटा! म्हणून तळाला भोक पाडले, त्यातून नळी आत घेतली आणि नळीवर कॉक बसवला. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेही समुद्राचे पाणी आत घेते, त्याने वाफ थंड करते आणि ते पाणी परत सोडते. तिथला कारभार अवाढव्य, आपली नळी अंगठ्याएवढी. पण काम एकच.

लहान होडीचे इंजिन हवेने थंड होत असेल, तर तिला हे भोक नसते. तिच्या मालकाने हा धडा शेजाऱ्यासाठी वाचावा.

आता हिशेब करू. भोक १ इंचाचे आहे आणि पाण्याच्या पातळीखाली एक हात आहे. त्यावरची नळी निसटली, तर मिनिटाला सुमारे ५० लिटर पाणी आत येते. म्हणजे चार मिनिटांत डिझेलचे एक मोठे पिंप भरेल. तासाभरात ३,००० लिटर, म्हणजे ३ टन! भोक २ इंचांचे असेल तर पाणी दुप्पट नव्हे, चौपट येते. हे पुष्कळांना खरे वाटत नाही. एकदा बादलीला भोके पाडून बघा.

मुरब्याच्या खाडीत अशीच एक बोट नांगरून पडली होती. दोन खलाशी वर झोपले होते. रात्री एकाला जाग आली, तर खाली पाणी घोट्याला लागले. रबरी नळी कुजून सुटली होती. त्याने कॉक बंद करायला हात घातला. कॉक हलेना. जोर लावला, तर दांडा मोडून हातात आला! दोघांनी भोकात टॉवेल कोंबला आणि पाणी शेंदत बसले. पहाटे ओहोटी लागली, बोट चिखलात टेकली, म्हणून वाचली. इंजिनात मात्र खारे पाणी गेले होते. पापलेटचा हंगाम तोंडावर आणि बोट काठावर.

आम्ही तो मोडका कॉक पाहिला. तो घरच्या नळाचा पितळी कॉक होता. एका जुन्या तांडेलांनी त्याच्यावर चाकू ओढला आणि आम्हाला म्हणाले, “बघा, पिवळा दिसतो का?” पिवळा नव्हता, गुलाबी होता. पितळेत तांबे आणि जस्त असते. खारे पाणी त्यातले जस्त हळूहळू खाते. मागे राहते ते तांबे, आणि ते भुसभुशीत होते. वरून कॉक धड दिसतो, आतून तो बिस्किटासारखा झालेला असतो. कांशाच्या कॉकमध्ये तांब्याबरोबर कथील असते. तो महाग पडतो, पण खाऱ्या पाण्यात पुष्कळ वर्षे टिकतो. विकत घेताना “घरचा नको, बोटीचा कांशाचा द्या” असे स्पष्ट सांगा. दुकानदार दोन्ही पिवळेच दाखवील.

कॉक रोज उघडाच ठेवला तर तो उघडाच अडकतो. म्हणून आठवड्यातून एकदा तो बंद करा आणि पुन्हा उघडा. इंजिन बंद असतानाच हे करा, नाहीतर इंजिनाला पाणी मिळणार नाही. आत गोळी असलेल्या कॉकचा दांडा नळीच्या रेषेत असला की कॉक उघडा, आडवा असला की बंद. अंधारातही हाताला कळते. चाकाच्या कॉकचे तसे नाही. चाक फिरते, आतली पट्टी मात्र तुटून जागीच राहिलेली असते. आमचे मत विचाराल तर चाकाचा कॉक तळाला लावूच नये.

रबरी नळीला एकाऐवजी दोन क्लिपा लावा. नळी दाबून पाहा. चिरा दिसल्या की बदला.

कॉक बदलायचा तर बोट काठावर हवी. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोटी वर ओढलेल्या असतात. तोच वेळ. तळाचे शिंपले आणि शेवाळ खरवडा. हातोडीने कॉकवर हलकेच ठोका. खणखणीत वाजला तर बरा, बद्द वाजला तर काढा. जुना कॉक काढल्यावर भोकाभोवतीच्या लाकडात सुरी टोचून पाहा. लाकूड मऊ लागले, तर आधी सुताराला बोलवा. कुजक्या फळीवर नवा कॉक म्हणजे वाळूवर खुंटा. आतून सागाचा जाड ठोकळा बसवा, म्हणजे भार एका फळीवर येत नाही. बाहेरच्या चकतीखाली बोटीचा मसाला भरपूर भरा. एकाने बाहेरून धरावे, दुसऱ्याने आतून नट आवळावा. दोघांचे आटे एकाच जातीचे हवेत. दोन आटे फिरून कॉक अडला, तर तो जबरीने बसवू नका. फार आवळूही नका. सुकलेले लाकूड पाण्यात फुगते, तेव्हा ते स्वतःच घट्ट होते.

प्रत्येक भोकाशेजारी पांगाऱ्याची, एका टोकाला निमुळती अशी खुंटी दोरीने बांधून ठेवा. मऊ लाकूड भिजले की फुगते आणि भोक धरते. खुंटी नुसती ठेवू नका. रात्रीच्या घाईत ती सापडत नाही.

बोट पाण्यात गेली की पहिली रात्र एकाने बोटीवर निजावे. दर दोन तासांनी कोरडे फडके कॉकभोवती फिरवून पाहावे. फडके ओले आले, तर बोट पुढच्या ओहोटीला टेकवून नट पुन्हा तपासावा.