भिंगाचा शंकू

कलाशाखेच्या वार्षिकात डोळ्याच्या भिंगाचे काय काम, असे कुणी विचारील. पण दर वर्षी चष्म्याचा नंबर वाढत जाणारे विद्यार्थी आपल्यातच असतात. बहुतेकांना साधा लघुदृष्टिदोष असतो. क्वचित एखाद्याच्या डोळ्यात मात्र भिंगाचाच आकार बदलत असतो.

बाहुलीमागील भिंग एका पातळ, पारदर्शक वेष्टनात असते. हे वेष्टन चौथ्या प्रकारच्या कोलॅजन या प्रथिनाचे बनलेले असते. हेच प्रथिन मूत्रपिंडाच्या गाळणीत आणि अंतर्कर्णातही असते. त्याची वीण जन्मतःच सदोष असली, तर ऐन तारुण्यात वेष्टन ताणले जाऊन भिंग मधोमध पुढे शंकूसारखे फुगते. बहुधा दोन्ही डोळ्यांत. याला अग्र लेंटिकोनस म्हणतात. (भिंगाची मागची बाजू फुगते तो प्रकार वेगळा. तो बहुधा लहानपणी एकाच डोळ्यात आढळतो, आणि त्याचा मूत्रपिंडाशी सहसा संबंध नसतो.)

निदान मोठे मौजेचे आहे. रेटिनोस्कोपचा प्रकाश डोळ्यात टाकला, की बाहुलीच्या तांबूस उजेडात, आमटीवर तेलाचा थेंब तरंगावा तशी गोल आकृती दिसते. पारपटल शंकूसारखे झाले असले तरी असाच थेंब दिसतो. म्हणून पारपटलाचा आकार तपासावा लागतो. स्लिट लॅम्पच्या अरुंद प्रकाशपट्टीत भिंगाचा फुगवटा स्पष्ट दिसतो. पण खरी परीक्षा यापुढे आहे. डॉक्टरांनी येथे थांबून चालत नाही. लघवीत रक्त वा प्रथिने जातात का आणि ऐकू कमी येते का, हे पाहावेच लागते. कारण हा शंकू बहुतेक वेळा आल्पोर्टच्या विकाराची खूण असतो. सेसिल आल्पोर्ट यांनी १९२७ साली एका ब्रिटिश कुटुंबात मूत्रपिंडाचा विकार आणि बहिरेपणा पिढ्यान्‌पिढ्या जोडीने चालत आल्याचे दाखवून दिले.

चष्म्याने भागेनासे झाले, की शस्त्रक्रिया. बारीक छेदातून आत जाऊन वेष्टनाच्या पुढच्या भागात गोल खिडकी पाडतात, श्राव्यातीत ध्वनिलहरींनी भिंग फोडून शोषून घेतात आणि त्याच वेष्टनात कृत्रिम भिंग बसवितात. अवघड काय, तर खिडकी! ज्या जागी वेष्टन सर्वांत कमकुवत, तेथेच ती पाडायची. चीर भलतीकडे गेली तर नव्या भिंगाला आधार राहत नाही. पण तो दुबळा भाग एकदा निघून गेला, की शंकू पुन्हा होत नाही. दूरचे चांगले दिसू लागते. नेहमीचे कृत्रिम भिंग जवळच्या वस्तूसाठी आकार बदलू शकत नाही, तेव्हा विशीतल्या मुलालाही वाचनाचा चष्मा लागतो.

मूत्रपिंडाचे दुखणे मात्र या शस्त्रक्रियेने हटत नाही. रक्तदाबावरील एका वर्गाची औषधे वेळीच सुरू केली, तर मूत्रपिंडे निकामी होणे पुष्कळ लांबविता येते. या विकाराच्या नेहमीच्या प्रकारातील सदोष जनुक एक्स गुणसूत्रावर असते, हे १९९० साली निश्चित झाले. मुलग्यांना तो तीव्र होतो. आईला पूर्वी नुसती वाहक समजून सोडून देत. तिचीही मूत्रपिंडे पुढे बिघडू शकतात, म्हणून आता मुलाबरोबर आईची आणि बहिणींचीही लघवी तपासतात.