ग्रहांचा जन्म आणि कुरआनातील सृष्टिवर्णन

नागपूरच्या गांधीसागर तलावाजवळील रामन विज्ञान केंद्र आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. १९९२ साली ते सुरू झाले आणि १९९७ मध्ये त्याला तारांगणाची जोड मिळाली. समजा, सुट्टीच्या दिवशी आपण मुलांना घेऊन तेथे गेलात. घुमटाखाली अंधार झाला, तारे उगवले आणि ग्रह वायू व धुळीच्या मेघातून कसे घडले, हे निवेदकाने सांगितले. बाहेर पडताना मुलगी विचारते, ‘‘अब्बू, कुरआनात तर सहा दिवस आहेत ना? मग यातले खरे कोणते?’’

अशा वेळी दोन उत्तरे चटकन तोंडी येतात. ‘‘हे शास्त्रज्ञांचे अंदाज आहेत, तू लक्ष देऊ नकोस’’ हे एक, आणि ‘‘हे सारे तर आपल्या कुरआनात चौदाशे वर्षांपूर्वीच सांगितले आहे’’ हे दुसरे. पहिल्या उत्तराने मुलीची जिज्ञासा मावळते. दुसरे ऐकायला गोड आहे, आणि आपल्या सभांतून ते वारंवार ऐकू येते. पण माझ्या मते तेच अधिक जोखमीचे आहे. का, ते पाहण्यासाठी आधी खगोलशास्त्र काय म्हणते ते नीट समजून घेऊ.

सुमारे ४६० कोटी वर्षांपूर्वी वायू आणि धूलिकणांचा एक थंड मेघ स्वतःच्याच गुरुत्वाकर्षणाने आक्रसू लागला. आक्रसताना त्याचे फिरणे वाढले आणि तो तबकडीसारखा चपटा झाला. मध्यभागी सूर्य पेटला. भोवतालच्या तबकडीत धुळीचे कण एकमेकांना चिकटत गेले. त्यांचे खडे झाले, खड्यांचे डोंगराएवढे पिंड झाले आणि त्या पिंडांच्या टकरींतून ग्रह घडले. सूर्याजवळच्या उष्णतेत खडक आणि धातूच टिकू शकले, म्हणून पृथ्वी व मंगळ खडकाळ आहेत. दूरच्या थंडीत बर्फही टिकला आणि तेथे गुरू-शनीसारखे महाकाय ग्रह वाढले. २०१४ साली चिलीतील आल्मा दुर्बिणीने एचएल टॉरी या तरुण ताऱ्याभोवतीची अशी तबकडी टिपली. तिच्यातील कडी चित्रात स्पष्ट दिसतात.

या घडणीतून उरलेले दगड आजही अवकाशात फिरत आहेत. आपल्या विदर्भातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे विवर अशाच एका दगडाच्या आघाताने काळ्या बेसाल्ट खडकात पडले. मुलांना तेथे अवश्य न्यावे. काठावर उभे राहिले की पुस्तकातील ‘टक्कर’ या शब्दाला वजन येते.

आता या सिद्धांताचा इतिहास पाहा. फिरत्या मेघाची कल्पना फ्रान्सच्या लाप्लासने १७९६ मध्ये मांडली. ती शंभर वर्षे मान्य होती. पुढे एक अडचण पुढे आली: सूर्यमालेचे ९९ टक्क्यांहून अधिक वस्तुमान सूर्यात असले, तरी परिभ्रमणाचा संवेग बहुतांशी ग्रहांकडे आहे. लाप्लासच्या मेघातून हे कसे घडावे? विसाव्या शतकाच्या आरंभी जेम्स जीन्स आदींनी मेघ बाजूला सारला आणि जवळून गेलेल्या दुसऱ्या ताऱ्याने सूर्यातून द्रव्य ओढून काढले, असे मांडले. तेही टिकले नाही. मेघाची कल्पना सुधारित रूपात परत आली. १९९५ मध्ये एका सूर्यसदृश ताऱ्याला अगदी खेटून फिरणारा गुरूएवढा ग्रह सापडला, तेव्हा याही मांडणीत भर घालावी लागली.

कल्पना करा, सूरह हा-मीम सजदामधील ‘दुखान’ म्हणजे धूर या शब्दाचा अर्थ लाप्लासचा मेघ असाच आहे, असे कोणी ठामपणे लिहिले असते. जीन्सच्या काळात त्या लेखकाच्या मुलांनी काय समजायचे होते? चूक लाप्लासची, लेखकाची की आयतीची?

शिवाय ती आयत संदर्भासह वाचली पाहिजे. आयत ९ ते १२ मध्ये आधी दोन दिवसांत पृथ्वी, मग चार दिवसांत पर्वत व अन्नसाधने, आणि त्यानंतर धूररूप असलेल्या आकाशाकडे अल्लाहने लक्ष दिल्याचा उल्लेख येतो. म्हणजे येथे धूर ही आकाशाची अवस्था आहे आणि पृथ्वीचा उल्लेख तिच्या आधी आहे. इब्ने कसीर (रह.) या धुराचा अर्थ पाण्याची वाफ असा देतात. वाचक बेरीज करतील तर दोन, चार आणि शेवटचे दोन मिळून आठ दिवस होतात, तर अन्यत्र सहा म्हटले आहेत. भाष्यकारांनी सांगितले की चारमध्ये पहिले दोन धरलेले आहेत. सूरह नाझिआतमध्ये (७९:३०) पृथ्वी आकाशानंतर पसरवल्याचे येते. हा प्रश्न हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांना एका माणसाने विचारला होता. पृथ्वी आधी निर्माण झाली, मग आकाश, आणि त्यानंतर पृथ्वी पसरवली गेली, असे त्यांचे उत्तर सहीह बुखारीत आहे. विचारणाऱ्याला त्यांनी गप्प बसवले नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

‘दिवस’ या शब्दाचेही असेच. कुरआनातच एक दिवस हजार वर्षांएवढा (२२:४७) आणि पन्नास हजार वर्षांएवढा (७०:४) म्हटला आहे. त्यामुळे सहा दिवस म्हणजे आपले एकशे चव्वेचाळीस तास, असा हट्ट धरण्याचे कारण नाही. पण ४६० कोटींना सहाने भागत बसण्याचेही नाही. सूरह कहफमध्ये (१८:५१) इब्लीस व त्याच्या संततीविषयी अल्लाह स्पष्ट करतो की आकाश व पृथ्वीच्या निर्मितीच्या वेळी त्याने त्यांना साक्षीला ठेवले नव्हते.

प्रेषित मुहम्मद (स.) यांचे चिमुकले पुत्र इब्राहीम वारले त्या दिवशी सूर्यग्रहण झाले. लोक म्हणू लागले, सूर्यही शोक करतो आहे. स्वतःच्या बाजूचा इतका सोयीचा ‘पुरावा’ समोर असता, शोकाकुल पित्याने तो नाकारला: सूर्य-चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या जन्म-मृत्यूने त्यांना ग्रहण लागत नाही. पुढे इमाम गझाली (रह.) यांनी ‘तहाफुत’च्या प्रस्तावनेत ग्रहणाचेच उदाहरण घेऊन लिहिले की गणिताने सिद्ध झालेली गोष्ट धर्माच्या नावाने नाकारणारा धर्माचेच नुकसान करतो.

तेव्हा मुलीला सांगावे की मेघातून ग्रह कसे झाले, हे माणूस निरीक्षणाने शोधतो, चुकतो आणि सुधारतो. पृथ्वीवर फिरून निर्मितीचा आरंभ कसा झाला ते पाहा, असे कुरआनच (२९:२०) सांगते. हे सारे कोणाचे आहे आणि आपण त्याला काय देणे लागतो, हा कुरआनाचा विषय आहे. मग ती बहुधा पुढचा प्रश्न विचारील, तो मेघ कुठून आला? त्यातील हायड्रोजन विश्वाच्या आरंभीचा आहे, आणि लोखंडासारखी जड द्रव्ये आधी जन्मून विझलेल्या ताऱ्यांच्या पोटात तयार झाली. त्याही आधी काय होते, असे तिने विचारले, तर घाई करू नका. गांधीसागरच्या काठी थोडा वेळ तिच्याजवळ बसा.