पाचवं अक्षर पूज्य

बारा वर्षं झाली, पुण्याहून गावी पैसे पाठवते आहे. कधी आईच्या औषधांना, कधी भावाच्या विहिरीवरच्या मोटारीला.

१. नाव बरोबर आहे म्हणून निर्धास्त राहू नये.
मोटारीचे चाळीस हजार एनईएफटीने पाठवले. भावाचं नाव, शाखा, सगळं बिनचूक. खाते क्रमांकाच्या शेवटी मात्र ५३ऐवजी ३५ पडले आणि पैसे भलत्याच खात्यात गेले. बँकेत गेल्यावर कळलं की जमा करताना यंत्रणा खाते क्रमांक बघते, नाव जुळवत नाही. शिवाय त्या खातेदाराने होकार दिल्याखेरीज रक्कम परत काढता येत नाही. एकोणीस दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. शेवटी त्या गृहस्थांनी सही दिली. त्यांना मी कधी पाहिलं नाही, पण विसरणारही नाही. आता, एप्रिल २०२५पासून, एनईएफटी आणि आरटीजीएस करण्याआधी खातेदाराचं नाव पाहायची सोय झाली आहे. ते नाव वाचल्याशिवाय मी पुढे जात नाही. नवीन खातं असेल तर आधी एक रुपया पाठवते आणि समोरच्याला फोन करून विचारते.

२. आयएफएससी पाठ करू नये, फोड करून वाचावा.
अक्षरं अकरा. पहिली चार बँकेची, शेवटची सहा शाखेची, मधलं पाचवं कायम शून्य. तिथे इंग्रजी ‘ओ’ टाकला की कोड चुकलाच. चेकच्या तळाशी छापलेला नऊ आकडी एमआयसीआर वेगळा. त्याचे पहिले तीन आकडे शहराचे, पुण्याचे ४११, मुंबईचे ४००. तो चेक वटवण्यासाठी असतो, पैसे पाठवताना कामाचा नाही.

३. जुन्या पासबुकावरून कोड उतरवू नये.
सिंडिकेट बँक १ एप्रिल २०२० रोजी कॅनरा बँकेत विलीन झाली आणि जुलै २०२१पासून तिचे जुने आयएफएससी बंद झाले. विलीन झालेल्या इतर बँकांच्या शाखांचे कोडही असेच बदलले.

४. घाई बघून मार्ग निवडावा.
एनईएफटी दर अर्ध्या तासाच्या खेपेने जाते, दिवसाला ४८ खेपा, डिसेंबर २०१९पासून रात्रीही. दोन लाख आणि त्यावरच्या रकमेला आरटीजीएस. आयएमपीएस पाच लाखांपर्यंत तत्काळ पोचवते. चुकलेले पैसेही तितक्याच तत्काळ पोचतात.

५. यूटीआर, म्हणजे व्यवहाराचा क्रमांक, जपावा.
पैसे अडकले की काउंटरवर पहिल्यांदा तोच विचारतात.

परवा आईने शेजारच्या काकूंचा कोड फोनवर सांगितला. पासबुक डोळ्यांजवळ धरून एकेक अक्षर वाचत होती. चार अक्षरं झाल्यावर थांबली आणि म्हणाली, “आता पूज्य लिही गं, ओ नव्हे.” मग सहा आकडे सावकाश सांगितले आणि मला पुन्हा म्हणून दाखवायला लावले.