बिघाडासह उड्डाण : एमईएल म्हणजे काय?

"विमानातली एक वस्तू बंद आहे, पण विमान वेळेवर सुटेल," असं कोणी सांगितलं तर आपण काय करू? निम्मे लोक तिकीट रद्द करून सरळ रेल्वे स्टेशन गाठतील! पण मित्रांनो, जगभरात रोज कितीतरी विमानं एखादी वस्तू बंद असताना उडतात, आणि तीही चोरून नव्हे, तर रीतसर नोंद करून. रिलायबिलिटी शिकताना 'रिडंडन्सी' हा शब्द भेटला, तेव्हापासून मला या विषयाचं कुतूहल आहे. परीक्षेत आपण लिहितो, की एकाला दोन पर्याय ठेवले की यंत्रणा सुरक्षित होते. मग त्यातला एक बंद पडल्यावर काय करायचं? थांबायचं की निघायचं? विमान क्षेत्रानं या प्रश्नाचं उत्तर एका यादीत लिहून ठेवलंय. तिचं नाव मिनिमम इक्विपमेंट लिस्ट, म्हणजेच एमईएल.

यादी कशी बनते?

विमानाच्या प्रत्येक मॉडेलसाठी आधी एक मूळ यादी बनते. तिच्यावरून प्रत्येक विमान कंपनी आपली यादी तयार करते. ती मूळ यादीपेक्षा कडक असू शकते, सैल नाही. त्या त्या देशाची नियामक संस्था, भारतात डीजीसीए, तिला मंजुरी देते.

यादीत प्रत्येक वस्तूपुढे लिहिलेलं असतं : विमानात किती बसवल्या आहेत, उड्डाणाला किमान किती चालू हव्यात आणि अटी काय. पंख किंवा रडर यांचा उल्लेख यादीत सापडणार नाही, कारण ते हवेतच! उड्डाणाच्या सुरक्षिततेशी संबंधित एखादी वस्तू यादीत नसेल, तर ती चालूच असली पाहिजे, असा साधा नियम आहे.

दुरुस्ती किती दिवस लांबवता येईल, तेही ठरलेलं असतं. 'बी' वर्गाला ३ दिवस, 'सी' वर्गाला १०, 'डी' वर्गाला १२० दिवस. 'ए' वर्गाची मुदत त्या वस्तूपुढेच लिहिलेली असते. कुठल्याही वर्कशॉपमध्ये 'नादुरुस्त' अशी चिठ्ठी लावलेलं एखादं मशीन वर्षानुवर्षं उभं असतं, त्या चिठ्ठीवर तारीख नसते. विमानातल्या चिठ्ठीला तारीख असते, हा मोठा फरक.

आता एक उदाहरण घेऊ. विमानाच्या शेपटीत एपीयू नावाचं छोटं इंजिन असतं. जमिनीवर उभं असताना वीज आणि एसीची हवा ते पुरवतं. ते बंद असलं तरी बहुतेक वेळा विमान उडू शकतं. फक्त वीज आणि इंजिन चालू करायला लागणारी दाबाची हवा विमानतळावरच्या गाड्यांकडून घ्यावी लागते. मे महिन्यात गेटवर उभ्या विमानात घामाघूम झालात, तर कारण कदाचित हेच असेल.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. एपीयू बंद पडला, पण त्याचं काम काही बंद पडलं नाही. ते दुसऱ्या कोणीतरी उचललं. माझ्या मते एमईएलचं मर्म इथेच आहे. वस्तू बंद ठेवता येते, पण तिचं काम कोणाकडे तरी द्यावंच लागतं. ते कोणाकडे गेलं हे स्पष्ट नसेल तर काय होतं, ते पुढच्या दोन घटनांत दिसतं.

गिमलीचं ग्लायडर

२३ जुलै १९८३. एअर कॅनडाचं नवं कोरं बोइंग ७६७ माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं होतं. इंधन मोजणाऱ्या यंत्रणेला दोन चॅनेल होते. त्यातल्या एकात सोल्डरिंगचा एक कच्चा जोड होता, आणि डिझाइनमधल्या दोषामुळे यंत्रणा दुसऱ्या चॅनेलवर जायच्या ऐवजी पूर्णच बंद पडायची. बिघडलेल्या चॅनेलचा सर्किट ब्रेकर ओढून ठेवला की दुसरा चॅनेल व्यवस्थित चालायचा. अशा वेळी पट्टीनं मोजून इंधनाची खात्री करून उडायला परवानगी होती. पण माँट्रियलला एका तंत्रज्ञानं तपासणीसाठी तो ब्रेकर परत चालू केला आणि कामात व्यत्यय आल्यानं तसाच राहू दिला. इंधनाचे सगळे काटे कोरे झाले. या अवस्थेत उड्डाणाला एमईएलची परवानगी नव्हती. पण आधीच्या बोलण्यातून कॅप्टन रॉबर्ट पिअरसन यांचा समज झाला होता, की विमान असंच उडत आलंय आणि देखभाल विभागानं त्याला मंजुरी दिली आहे.

म्हणजे काट्याचं काम आता माणसांकडे आलं. पट्टीनं टाकीत ७,६८२ लिटर इंधन मोजलं गेलं. प्रवासाला २२,३०० किलो हवं होतं. लिटरचे किलो करायला गुणक वापरला १.७७. पण हा गुणक लिटरचे पौंड करायचा! किलोसाठी सुमारे ०.८ हवा होता. त्यांच्या हिशोबानं टाकीत १३,५९७ किलो होतं, प्रत्यक्षात होतं ६,१६९. भरायला हवं होतं २०,०८८ लिटर, भरलं ४,९१६. ओटावाला पुन्हा मोजणी झाली, पण गुणक तोच चुकीचा. व्हायवाला बाजूच्याची वही बघून उत्तर पडताळावं, तसलाच हा प्रकार! विमानातल्या कॉम्प्युटरलाही हातानंच २२,३०० चा आकडा भरला होता, त्यामुळे त्याच्या लेखी इंधन भरपूर होतं.

४१,००० फुटांवर असताना इंधनाचा दाब कमी झाल्याचे इशारे सुरू झाले, मग दोन्ही इंजिनं बंद पडली. पिअरसन यांना ग्लायडर उडवायचा अनुभव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना गिमलीचा जुना हवाई तळ ठाऊक होता. सुमारे १७ मिनिटं तरंगत विमान तिथे उतरलं आणि सर्व ६९ जण वाचले.

सगळा दोष गुणकावर टाकून आपण मोकळे होऊ शकतो. पण आधीच्या तीन जणांच्या कॉकपिटमध्ये इंधनाचा हिशोब फ्लाइट इंजिनिअर बघायचा. ७६७ मध्ये ती जागाच नव्हती. शिवाय ताफ्यातली मेट्रिक मापं वापरणारी ही पहिलीच विमानं होती. तिसऱ्या माणसाचं काम नक्की कोणाचं, हे नीट ठरलेलं नव्हतं.

साओ पावलोची धावपट्टी

दुसऱ्या घटनेचा शेवट मात्र असा गोड नाही. १७ जुलै २००७ ला ब्राझीलच्या टॅम कंपनीचं एअरबस ए-३२० साओ पावलोच्या काँगोन्यास विमानतळावर उतरत होतं. उजव्या इंजिनाचा थ्रस्ट रिव्हर्सर, म्हणजे उतरल्यावर इंजिनाचा झोत पुढे वळवून वेग कमी करणारी यंत्रणा, नियमानुसार बंद करून ठेवली होती. यात वावगं काही नाही. कोरड्या धावपट्टीवर थांबण्याच्या अंतराचा प्रमाणित हिशोब रिव्हर्सर न धरताच करतात. पण त्या दिवशी धावपट्टी आखूड होती आणि ओली होती.

एक रिव्हर्सर बंद असताना आधीची पद्धत अशी : दोन्ही लिव्हर 'आयडल'वर आणायचे, मग फक्त चालू बाजूचा 'रिव्हर्स'मध्ये ओढायचा. नव्या पद्धतीत दोन्ही लिव्हर एकत्र ओढायचे होते, म्हणजे गोंधळ नको. त्या दिवशी रेकॉर्डरवर डावा लिव्हर 'रिव्हर्स'ला आणि उजवा 'क्लाइंब'वरच नोंदला गेला. एक लिव्हर पुढे असल्यानं पंखांवरचे स्पॉयलर उघडले नाहीत, ऑटोब्रेक लागला नाही, आणि उजवं इंजिन विमानाला पुढेच ढकलत राहिलं. विमान धावपट्टी सोडून रस्त्यापलीकडच्या इमारतीवर आदळलं. १९९ जणांचा मृत्यू झाला. तपासात दोन शक्यता मांडल्या गेल्या : लिव्हर खरोखरच मागे आला नाही, किंवा त्याची स्थिती कळवणाऱ्या यंत्रणेत दोष होता. पहिली जास्त संभाव्य मानली गेली.

इथे एमईएलची अट पाळली गेली होती. तरीही एका बंद वस्तूमुळे वैमानिकाच्या हाताला रोजच्यापेक्षा वेगळं काही आठवून करावं लागत होतं, तेही पावसात, आखूड धावपट्टीवर, काही सेकंदांत.

आपल्यासाठी काय?

यावरून कोणी म्हणेल, एमईएल रद्दच करा. मला तसं वाटत नाही. यादी नसती तर प्रत्येक बिघाडावर 'चालतंय रे, काढू या' हा निकाल त्या क्षणी, घाईत, उशीर झालेल्या विमानाशेजारी उभं राहून लागला असता. यादीमुळे तो निकाल शांत डोक्यानं आधीच लागलेला असतो. शिवाय यादीनं परवानगी दिली तरी 'हे विमान मी नेणार नाही' असं म्हणायचा अधिकार कॅप्टनकडे असतो.

उद्या आपण विमानं बनवू किंवा नाही, पण बॉयलर, लिफ्ट, पंप, सॉफ्टवेअर असं काहीतरी नक्की सांभाळू. एखादा सेन्सर बंद पडेल आणि साहेब म्हणतील, 'आज चालवून घ्या, उद्या बघू.' तेव्हा निदान तीन प्रश्न विचारू या. याचं काम आता कोण करणार? त्याची चूक झाली तर ती कुठे दिसेल? आणि हा 'उद्या' नेमका कोणत्या तारखेला आहे? तिन्हींची उत्तरं कागदावर लिहिता आली, तर खुशाल मशीन सुरू करा. नाही लिहिता आली, तर 'आज नाही' म्हणायची हिंमत आपण ठेवायला हवी.